घाबरू नये, बटण दाबावे

१

पेपर फुटला रविवारी, आणि सोमवारी सकाळी दहाच्या आत खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं तेही ठरून गेलं. आपल्याकडे बाकीची कामं रेंगाळतात, हे एक मात्र वेळेवर होतं.

सुदर्शन काळमेघला बातमी कळली तेव्हा तो विश्रांतवाडीच्या ऑफिसात खुर्चीला नुसता टेकला होता. कंपनी लहान. लोकांच्या वेबसाइटींना सर्व्हरवर जागा द्यायची आणि त्यांच्या नावाची ई-मेल चालवायची, हा धंदा. सुदर्शनचं काम ती ई-मेल जोडून देण्याचं. ग्राहकाच्या कॉम्प्युटरमधून निघालेलं पत्र सर्व्हरपर्यंत बंद पाकिटातून जावं, वाटेत कोणी फोडून वाचू नये, अशी सेटिंग्ज फोनवरून सांगून करून घ्यायची. दर्यापूरहून पुण्यात आला तेव्हा त्याला ही मोठी विद्या वाटली होती. अकरा वर्षांनी तिच्यातली घसादुखी तेवढी शिल्लक होती.

त्यातली निम्मी घसादुखी लाल पाटीची. पूर्वी कंपनीच्या सगळ्या ग्राहकांना मिळून सर्व्हरचं एकच ओळखपत्र होतं, आणि त्यावर नाव कंपनीचं. ग्राहक हाक मारी स्वतःच्या नावानं, ओळखपत्र निघे भलत्याच नावाचं, आणि बिचारा कॉम्प्युटर लाल पाटी झळकवी की बाबा रे, हा तो नव्हे, सांभाळ. ओळखपत्रं नीट करून देणं हा खरा उपाय. कंपनीला त्यासाठी सवड व्हायला नऊ वर्षं लागली. गेल्याच्या गेल्या दसऱ्याला प्रत्येक ग्राहकाला त्याच्या नावाचं ओळखपत्र मिळालं आणि लाल पाटीचे फोन बंद झाले. सुदर्शनच्या नोकरीतला तेवढाच एक सण.

"काळमेघ, मी रंगराव बोलतोय. प्रज्ञांकुर परीक्षा मंडळ, नारायण पेठ." आवाज निवृत्त मुख्याध्यापकाचा होता आणि माणूसही निवृत्त मुख्याध्यापकच होता. "आमच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे पेपर फुटलेत. ते ई-मेलनंच छापखान्यात गेले होते. तुमच्याकडून फुटले की आमच्याकडून, हे आपण इथे येऊन सांगावं. फोनवर नको. फोनवर आपण नेहमीच फार छान सांगता."

"केव्हा येऊ?"

"पाचला विश्वस्तांची बैठक आहे. तीत आम्ही सुशीलाबाईंना काढून टाकणार आहोत. त्याआधी आलात तर उपयोग होईल. नंतर आलात तर चहा मिळेल."

सुदर्शननं फोन ठेवला आणि डोळे चोळले. सुशीलाबाईंना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पण अकरा वर्षांत फोन ठेवण्याआधी 'जेवलात का?' असं विचारणारी ती एकच ग्राहक होती.

मालकांनी दारातच गाठलं. "लॉग दाखव, आपली बाजू स्वच्छ आहे म्हण आणि परत ये. जास्त डोकं चालवू नकोस."

"डोकं चालवायला उरलंय कुठं साहेब," सुदर्शन म्हणाला आणि बसस्टॉपकडे निघाला.

२

मंडळाचं ऑफिस एका वह्यापुस्तकांच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर. पुढे दोन टेबलं, बाजूला रंगरावांची काचेची खोली, मागे एक बंद खोली. रंगरावांनी त्याला बसायला सांगितलं नाही, पण खुर्ची समोर होती म्हणून तो बसला.

"पद्धत ऐका," रंगराव म्हणाले. "प्रत्येक विषयाचे शंभर प्रश्न हातानं लिहून येतात. त्यातले पंचवीस मी निवडतो, क्रम लावतो. सुशीलाबाई माझ्यासमोर टाइप करतात आणि त्यांच्या टेबलावरून छापखान्याला ई-मेल करतात. हाताचा कागद तिथल्या तिथे फाडतो. भाषा मंगळवारी गेली, गणित गुरुवारी सकाळी, बुद्धिमत्ता शुक्रवारी. आणि रविवारी स्वारगेटला एका पालकाच्या हाती हे पडलं."

दोन झेरॉक्स पानं होती. वर ठळक अक्षरांत 'अपेक्षित प्रश्न'. कोणत्या क्लासचं नाव नाही, पत्ता नाही.

"भाषा आणि बुद्धिमत्ता. पंचवीसच्या पंचवीस, माझ्याच क्रमानं. गणित तेवढं वाचलं म्हणायचं."

सुदर्शननं बॅगेतून छापील लॉग काढला. सर्व्हरच्या दारावरची वहीच ती, कोण कधी आलं याची. "गेल्या महिन्याभरात तुमच्या खात्यावर जे जे कोणी आलं ते याच ऑफिसच्या इंटरनेटवरून. प्रत्येक वेळी बंद पाकिटातून. बाहेरचा एकही माणूस नाही. पाठवलेल्या पत्रांची प्रत सर्व्हरवर राहतच नाही, सुशीलाबाईंची जोडणी जुन्या पद्धतीची आहे. प्रत फक्त त्यांच्या कॉम्प्युटरवर."

"आणि पासवर्ड?"

"तो त्यांनाच माहीत."

"मलासुद्धा नाही," रंगराव हळूच म्हणाले. आवाजातली धार गेली होती. "म्हणजे बाहेरून कोणी आलं नाही. म्हणजे आतूनच गेलं. एकतीस वर्षं बाई माझ्यासमोर बसल्या आहेत, काळमेघ. मला वाटलं होतं, तुम्ही काहीतरी चूक कबूल कराल."

आपली बाजू स्वच्छ आहे हे सांगायला सुदर्शन आला होता. ते त्यानं सांगितलं, आणि त्या स्वच्छ कागदानं एका बाईचा गळा कापला हे त्याला तो कागद टेबलावर ठेवल्यावर कळलं.

३

सुशीलाबाई खणातलं सामान पिशवीत भरत होत्या. स्टीलचा डबा, चष्म्याचं घर, देवीचा फोटो.

"तुम्ही काळमेघ सर? आवाजावरून मला तुम्ही जाडे वाटायचात."

"पूर्वी होतो," सुदर्शन म्हणाला. "बसू का?"

"बसा. आता खुर्ची कोणाचीच नाही." त्यांनी पिशवीला गाठ मारली, सोडली, परत मारली. "नोकरीचं नाही हो काही. आठ महिन्यांनी जायचंच होतं. पण आमच्याच इमारतीतली सहा मुलं या परीक्षेला बसली आहेत. गेल्या दिवाळीपासून मीच त्यांना दटावून अभ्यासाला बसवतेय. पेपर फोडणारी बाई म्हणून त्यांच्यासमोरून जिना कसा उतरू?"

सुदर्शननं ठरीव प्रश्न विचारले, जे तो दिवसातून चाळीसदा विचारत असे. पासवर्ड कुठे लिहिलाय? कोणाला सांगितलाय? अनोळखी मेल उघडलीय? फोनवर कोणी काही विचारलं? सगळ्याला 'नाही'.

"काही वेगळं, नेहमीपेक्षा निराळं घडलं?"

"काही नाही. पंधरा दिवसांपूर्वी, संकष्टीला, ती लाल पाटी आली होती तेवढीच. पण ती तर तुमचीच." त्यांनी मॉनिटरच्या कडेकडे बोट केलं.

तिथे चिकटपट्टीनं एक पिवळट कागद लावला होता. वळणदार अक्षर: 'लाल पाटी आल्यास घाबरू नये. खालचे बटण दाबावे. काळमेघ सरांच्या सांगण्यावरून.' त्याखाली आठ वर्षांपूर्वीची तारीख.

सुदर्शनला थोडं संकोचल्यासारखं झालं, थोडं बरंही वाटलं. आपलं बोलणं कोणी इतकं जपून ठेवलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. 'लाल पाटी' हे शब्द त्यानं जन्मात इतक्यांदा ऐकले होते की ते कानावर पडले आणि तसेच घरंगळून गेले. डोळ्यांवर झापड होती, पोटात चहाशिवाय काही नव्हतं, आणि घड्याळात साडेबारा वाजले होते.

"पेपरांची प्रत तुमच्या कॉम्प्युटरवरून कोणी उचलली असेल?"

"मी उठताना कुलूप लावते. पडद्याला आणि खणालासुद्धा." त्या थांबल्या. "तुम्हीसुद्धा आता मलाच विचारताय ना, सर?"

४

दुसऱ्या टेबलावर राजनंदिनी बसे. वय सव्वीस, समोर स्वतःचा लॅपटॉप. सुशीलाबाई गेल्या की त्यांची खुर्ची हिची, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

"ऑब्व्हियसली सगळ्यांना मीच वाटणार," ती तुटकपणे म्हणाली. "मॅडम गेल्या की प्रमोशन कोणाला? मला. पण मी त्यांच्या पीसीला हातसुद्धा लावत नाही. माझं सगळं या लॅपटॉपवर. गुरुवारी तर पूर्ण सकाळ लाइट नव्हती, दहा ते दोन. तरी मी बॅटरीवर हॉल तिकिटं करत बसले होते. कोणी कौतुक केलं? नाही."

"लाइट नव्हती, मग गणिताचा पेपर कसा गेला?"

"मॅडमचं टेबल इन्व्हर्टरवर आहे ना. त्याचं संपतदादांना विचारा, आलेत ते."

संपत फुरसुंगीचा. इंटरनेट, वायरिंग, इन्व्हर्टर, पंखे, जे बिघडेल ते तो बघे. गुडघ्याला तेल चोळल्यासारखा तो वायफायचा डबा फडक्यानं पुसत होता.

"बॅटरी ल्हान हाय सायेब," तो म्हणाला. "म्होरचं बाईंचं टेबल, ह्यो डबा अन् एक पंखा. बास. मागच्या खोलीला लाइन न्हाई दिली. पृथ्वीराजभाऊ म्हनले व्हते, माझ्या मशीनला बी द्या. पर रंगराव सर म्हनले, निकाल लाइट आल्यावर लावा, घाई कसली? मग ऱ्हायलं."

"कसलं मशीन?"

"निकालाचं," राजनंदिनीनं मधेच सांगितलं. "पृथ्वीराज सर आमचे यंग ट्रस्टी. कॉम्प्युटर इंजिनिअर आहेत. या वर्षीचे निकाल फास्ट लागावेत म्हणून स्वतःचा पीसी डोनेट केलाय. मागच्या खोलीत असतो, चावी त्यांच्याकडेच. आला त्या दिवशी नारळ फोडला, समोसे वाटले. मॅडमना संकष्टी होती, त्यांनी फक्त खोबरं घेतलं. आणि सर इतके सिन्सिअर, गुरुवारी संध्याकाळी लोहगावहून त्या ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटांसाठी आले. लाइट गेल्यामुळे मशीन बंद पडलं असेल म्हणून चालू करायला. निकाल पुढच्या महिन्यात आहे!"

सुदर्शननं मान डोलावली. तीन वाजता खुद्द पृथ्वीराज आला. उंच, हसरा, कपाळावर गंध. लोहगावची वडिलोपार्जित जमीन, त्यातल्या एका तुकड्यावर नवी इमारत, बोलण्यात अदब. त्यानं सुदर्शनचा हात हातात घेतला.

"सर, तुम्ही उगाच दमलात. मी रंगराव सरांना सांगितलंय, पोलीस नको, चौकशी नको. सुशीलाताईंचं वय बघा. शांतपणे राजीनामा देऊ दे, सगळं मिटवून टाकू. माणसाकडून चूक होते."

सबंध दिवसात सुशीलाबाईंबद्दल कळवळ्यानं बोलणारा हा पहिलाच माणूस. सुदर्शनला भरून आलं. मग त्याच्या मनात आलं, ज्याच्या संस्थेचे पेपर फुटलेत तो माणूस चौकशीच नको असं म्हणत नाही.

५

तो जिन्याच्या पायरीवर येऊन बसला आणि खालच्या गाडीवरून मागवलेला वडापाव खाऊ लागला. पोटात चार घास गेल्यावर डोकं जरा जागेवर आलं.

गणित का वाचलं?

सकाळपासून हा प्रश्न सगळ्यांच्या समोर पडला होता आणि सगळे त्याला देवाची कृपा म्हणून ओलांडून जात होते. सुशीलाबाईंकडे तिन्ही पेपर होते. रंगरावांकडे तिन्ही होते. छापखान्याकडे तिन्ही पोचले. त्यांच्या कॉम्प्युटरवरून कोणी प्रत उचलली असती, तर तिथेही तिन्ही शेजारी शेजारीच होते. ज्याला चोरायचं होतं त्यानं गणितावर दया कशाला दाखवली असती? गणिताला तर सगळ्यात जास्त मागणी.

म्हणजे चोराच्या हाती गणित लागलंच नाही. आणि गणित गेलं गुरुवारी सकाळी, लाइट नसताना.

सुदर्शनचा घास तोंडातच राहिला. कारण त्याच क्षणी दुपारी कानावरून घरंगळून गेलेले शब्द परत आले. संकष्टीला लाल पाटी आली होती, पण ती तर तुमचीच.

ती त्याची असूच शकत नव्हती. गेल्याच्या गेल्या दसऱ्यापासून लाल पाटी बंद होती. प्रत्येकाच्या नावाचं खरं ओळखपत्र होतं. मग पंधरा दिवसांपूर्वी सुशीलाबाईंच्या कॉम्प्युटरला ओळखपत्र दाखवलं कोणी?

तो उरलेला वडापाव कागदासकट हातात घेऊन वर धावला. सुशीलाबाईंना म्हणाला, "उठा जरा." मेलच्या प्रोग्राममध्ये एक कोपरा असतो. माणसानं एकदा बटण दाबून 'यावर माझा भरवसा' असं सांगितलं की ते ओळखपत्र तिथे कायमचं नोंदलं जातं, आणि पाटी पुन्हा येत नाही. त्यानं तो कोपरा उघडला.

नवी नोंद आली की जुनी पुसली जाते, म्हणून तिथे एकच होती. ओळखपत्रावर नाव मंडळाचं होतं, अगदी बरोबर. पण ते देणारा म्हणून ज्याचं नाव असतं तिथे कोणाचंच नव्हतं. ओळखपत्रानं स्वतःच स्वतःची ओळख पटवली होती. जन्मतारीख संकष्टीची, दुपारी सव्वाचार.

खिशातला फोन थरथरला. मालकांचा संदेश होता: 'अजून तिथेच? कंपनीकडे काही येता कामा नये.'

पाच वाजायला दहा मिनिटं होती. सुशीलाबाईंना वाचवायचं, तर त्या मॉनिटरवरचा कागद विश्वस्तांपुढे मोठ्यानं वाचावा लागणार होता. त्यावर दुसऱ्या कोणाचं नाही, त्याचंच नाव होतं.

६

बैठक पुढच्या खोलीतच झाली. रंगराव, पृथ्वीराज, आणखी दोन वयस्कर विश्वस्त. सुशीलाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, पिशवी हातात. राजनंदिनी आणि संपत दाराशी.

"दहा मिनिटं द्या," सुदर्शन म्हणाला. "आधी माझी चूक सांगतो, मग दुसऱ्याची."

त्यानं पिवळट कागद काढून वाचला. लाल पाटी आल्यास घाबरू नये. खालचे बटण दाबावे. काळमेघ सरांच्या सांगण्यावरून.

"हे मी सांगितलं होतं. यांनाच नाही, शेकडो लोकांना. पाटी म्हणायची सांभाळा, मी म्हणायचो दाबा. ती पाटी आमच्या आळसामुळे येत होती. दोन वर्षांपूर्वी आम्ही सुधारलो, पण हा कागद खोटा झाला असं सांगायला कोणालाच फोन केला नाही. या टेबलाशी येणाऱ्या कोणालाही तो वाचता येत होता. एकानं वाचला, आणि त्याला कळलं की या बाईंसमोर खोटं ओळखपत्र ठेवलं तर त्या बटण दाबतील."

"म्हणजे नक्की काय झालं?" रंगरावांनी विचारलं.

"टपालपेटी आणि पोस्टमन यांच्यामध्ये एक माणूस येऊन उभा राहिला. सुशीलाबाई आमच्या सर्व्हरला हाक मारायच्या, ओ द्यायचा तो. पाकीट घ्यायचा, फोडायचा, वाचायचा, नव्या पाकिटात घालून आमच्याकडे द्यायचा. म्हणून आमच्या लॉगमध्ये सगळं स्वच्छ. ऑफिसचंच इंटरनेट, बंद पाकीट. पासवर्ड वापरून आत शिरला असता तर दिसला असता. त्यानं तेवढी काळजी घेतली."

"फार छान," पृथ्वीराज म्हणाला. "पण ही थिअरी झाली. वायफायवर कोणीही असू शकतं."

"असू शकतं. म्हणून गणिताकडे बघा." सुदर्शन टेबलाच्या कडेवर टेकला, पाय दुखत होते. "गुरुवारी सकाळी लाइट नव्हती आणि त्याच वेळी गेलेला पेपर फुटला नाही. म्हणजे मधला माणूस त्या वेळी मेलेला होता. तो लाइटीवर जगतो. राजनंदिनीताईंचा लॅपटॉप बॅटरीवर दिवसभर चालू होता, त्यांनी हे केलं असतं तर गणितही फुटलं असतं. संपतरावांनी इन्व्हर्टरची वायर स्वतः ओढली आहे. त्यांना यंत्र लपवायचं असतं तर ते त्यांनी इन्व्हर्टरवर लावलं असतं, साध्या प्लगला नाही."

"आपन इतकं येडं न्हाई," संपत दारातून म्हणाला.

"या ऑफिसात लाइट गेली की बंद पडणारा आणि इंटरनेटला जोडलेला एकच कॉम्प्युटर आहे. ज्याच्यासाठी इन्व्हर्टर मागितला होता आणि मिळाला नाही. जो संकष्टीला आला, आणि त्याच दिवशी सव्वाचारला खोटं ओळखपत्र जन्मलं. शुक्रवारी बुद्धिमत्तेचा पेपर जाणार म्हणून ज्याला गुरुवारी संध्याकाळीच कोणीतरी घाईनं चालू करून गेलं."

सगळ्यांच्या माना मागच्या खोलीकडे वळल्या. पृथ्वीराज हसला. "मी डोनेट केलेला पीसी? चावी घ्या ना, बघा. सॉफ्टवेअर आहे निकालाचं."

"चावी नको. आत जायची गरजच नाही." सुदर्शननं सुशीलाबाईंना खुर्चीवर बसायला सांगितलं. भरवशाच्या कोपऱ्यातली ती नोंद पुसली. "बाई, मेल तपासा."

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर लाल पाटी झळकली. त्यांचा हात सवयीनं खालच्या बटणाकडे गेला आणि हवेतच थांबला.

"आता संपतराव, मागच्या खोलीचा खटका पाडा."

भिंतीवरच्या डब्यात खट्ट आवाज झाला. बंद दारामागे पंख्यासारखं काहीतरी घरघरत होतं, ते सकाळपासून कोणी ऐकलं नव्हतं. थांबल्यावर ऐकू आलं. सुदर्शननं मनात साठपर्यंत आकडे मोजले.

"पुन्हा तपासा."

पाटी आली नाही. मेल गपगुमान खाली उतरली, छापखान्याचं एक पत्र आणि कसलीशी जाहिरात.

पृथ्वीराजनं गंधावरचा घाम पुसला. "नवा क्लास आहे माझा," तो शेवटी म्हणाला. "पहिली बॅच. पहिल्या वर्षी मुलं चमकली नाहीत तर गावात तोंड दाखवायला... मी ताईंना सांभाळूनच घेणार होतो. राजीनामाच तर."

"चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर दोर मऊ आहे म्हणून आभार मानायचे," रंगराव म्हणाले. "पृथ्वीराज, चावी ठेवा आणि बसून राहा. पोलीस येईपर्यंत चहा मिळणार नाही."

७

सहा वाजता रंगरावांनी सुशीलाबाईंपुढे हात जोडले. त्या माणसाला हात जोडायची सवय नव्हती, ते नीट जुळलेही नाहीत. सुशीलाबाईंनी पिशवी उघडून डबा, चष्म्याचं घर आणि देवीचा फोटो परत खणात ठेवला. मग जिन्यापर्यंत सुदर्शनला सोडायला आल्या.

"सर, एक सांगू? मला इंग्रजी वाचता येतं."

"माहीत आहे."

"नाही, ऐका. त्या दिवशी मी पाटी पूर्ण वाचली होती. कोणीतरी मध्ये उभं असू शकेल, तुमची पत्रं वाचू शकेल, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. मला कळलं होतं. तरी मी दाबलं. म्हटलं, मशीनचं काय ऐकायचं, काळमेघ सरांनी सांगितलंय."

मालकांचे चार फोन येऊन गेले होते. "माझं चुकलं, बाई," सुदर्शन म्हणाला, आणि कठडा धरून जिना उतरला. त्या दिवशी त्या 'जेवलात का' म्हणाल्या नाहीत.

मालकांनी दुसऱ्या दिवशी बरंच सुनावलं. सुदर्शननं ऐकून घेतलं आणि ग्राहकांची यादी मागितली. बाराशे सात नावं. मग पहिल्यापासून फोन लावायला सुरुवात केली. "पूर्वी मी सांगितलं होतं, पाटी आली तर घाबरू नका. ते विसरा. आता आली तर घाबरा आणि मला फोन करा." एकानं विचारलं, मग इतकी वर्षं काय गंमत चालली होती? दुसऱ्यानं नुसता फोन ठेवला. रोज चाळीस व्हायचे, घसा बसायचा. रविवारी मंडळाची परीक्षा नव्या पेपरांनिशी झाली. यादी अजून सी अक्षरावरच होती.

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी फोन वाजला.

"काळमेघ सर, सुशीला बोलतेय. लाल पाटी आली आहे. मी काही दाबलेलं नाही. हात मांडीवर ठेवून बसले आहे. सांगा, काय करू?"

सुदर्शनच्या जिभेवर उत्तर तयार होतं. अकरा वर्षं ते आपोआप येत असे. त्यानं ते गिळलं.

"मी सांगणार नाही. तुम्ही वाचा. मोठ्यानं वाचा, मी ऐकतोय."

सुशीलाबाईंनी एकेक ओळ वाचली, न कळलेला शब्द दोनदा वाचला. सुदर्शननं कानाला फोन लावून प्रत्येक शब्द ऐकला. इतक्या वर्षांत त्यानं ती पाटी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकली.

"म्हणतंय की ओळखपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही," त्या विचार करत म्हणाल्या. "असं कसं? अहो थांबा. आज लाइट फार वेळ नव्हती, इन्व्हर्टरही उतरला होता. माझ्या कॉम्प्युटरवर तारीख बघा काय दिसतेय! दोन हजार नऊ साल! ओळखपत्र नाही, माझं घड्याळच मागे गेलंय."

"आतला सेल संपला असेल, तारीख दुरुस्त करा. आता पुन्हा तपासा."

पलीकडे कळफलकाची टकटक. मग एक सुस्कारा.

"गेली पाटी." आणि जरा थांबून, "जेवलात का?"

"नाही अजून," सुदर्शन म्हणाला आणि डब्याचं झाकण उघडलं.